टेप लावतोय गं

आमचा हॉल दहा बाय बारा. त्यात एक दिवाण, एक शोकेस, टीव्ही, दोन खुर्च्या, एक मी आणि एक आमचे हे. आता तुम्हीच सांगा, एवढ्याशा खोलीत माणसाला ॲम्प्लिफायर किती लागावेत? आमच्याकडे चार वर्षांत तीन बाद झाले, आणि मी सांगतेय ती गोष्ट चौथ्याची आहे.

मी शुभदा. एकतीस वर्षं डोंबिवलीत प्राथमिक शाळेत शिकवलं. मोठा आवाज आणि गरम डोकं, दोन्ही शाळेनेच दिलं, आणि निवृत्त झाल्यावर ते शाळेत जमा करायचं राहून गेलं. आमचे हे, त्र्यंबकराव, एमआयडीसीत एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते. पण ते नुसतं पोटापाण्यासाठी. त्यांचा खरा जीव ॲम्प्लिफायर दुरुस्तीत. कारखान्यातून आले की चहा घेऊन हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे ते थेट जेवणापर्यंत. मोहन्याच्या मंडळाचा लाउडस्पीकरवाला, कल्याणचे डॉक्टर, कुणाकुणाची यंत्रं आमच्या दिवाणाखाली पडलेली असायची. केर काढताना माझी नुसती चिडचिड व्हायची.

दुरुस्त झालेलं यंत्र तपासायची ह्यांची एक पद्धत होती. लोक गाणी लावून बघतात. हे आमच्या मुलीची टेप लावायचे.

आसावरी, आमची एकुलती एक. आशू. ती नऊ वर्षांची असताना ह्यांनी नवीन टेप डेक आणला. आवाजाची लेव्हल बसवायला कुणीतरी माइकसमोर बोलायला हवं होतं. मी तिला एकोणीसचा पाढा पाठ करायला दिला होता, ती तोच म्हणाली. तीच कॅसेट पुढे ह्यांची कसोटी झाली. "गाणाऱ्या बाईचा आवाज मूळचा कसा आहे, हे मला काय माहीत?" हे म्हणायचे. "पण आशूचा मला पाठ आहे. तो जसाच्या तसा बाहेर आला, की यंत्र बरोबर. नाही आला, की यंत्रात खोट." आशू तेव्हा शेजारी उभी राहून हसायची. स्वतःचाच पाढा ऐकून कंटाळायची सुद्धा.

ती अकरा वर्षांची झाली आणि त्या दिवाळीत कावीळ झाली. सोळा दिवसांत गेली. याच्यापुढे त्याबद्दल मी लिहिणार नाही, मला जमत नाही.

फोटो आहेत चौदा. आणि ही एक टेप. तेव्हा कुणाकडे व्हिडिओ होते?

ती गेल्यावर महिनाभराने ह्यांनी पहिल्यांदा टेप लावली. मी स्वयंपाकघरात होते. "एकोणीस एके" एवढं कानावर आलं आणि मी हातातली कणीक तशीच घेऊन दाराबाहेर पळाले. तेव्हापासून आमच्यात रीतच पडली. टेप लावायची असली की हे आधी हाक मारायचे, "टेप लावतोय गं." मी चपला घालायची आणि बाहेर पडायची. कधी भाजी आणायची, कधी कल्याणला बहिणीकडे, सुमतीकडे जायची, काहीच नसलं तर नुसती स्टेशनपर्यंत जाऊन यायची. तासाभराने परत यायची तेव्हा टेप कपाटात गेलेली असायची. सत्तावीस वर्षं. मी कधी विचारलं नाही, ह्यांनी कधी सांगितलं नाही.

आता या ॲम्प्लिफायरच्या भानगडीकडे येते.

चार-पाच वर्षांपूर्वी हे एकदा तोंड पाडून बसले होते. "आवाज गिळतोय," म्हणाले. कोण? तर ह्यांचा स्वतःच्या हाताने बनवलेला जुना ॲम्प्लिफायर. "आशूचा आवाज वरच येत नाही. दाराआड कुणीतरी बोलतंय असं वाटतं." मग डेकचं हेड बदललं, बेल्ट बदलला, स्पीकर बदलले, वायरी बदलल्या. शेवटी तो ॲम्प्लिफायर भंगारात गेला आणि दुसरा आला. तो वर्षभर बरा होता, मग तोही गिळायला लागला. तिसरा तर सहा महिन्यांत उतरला.

आणि हे नुसतं ॲम्प्लिफायरचं नव्हतं हो. आमच्या घरातली सगळी यंत्रंच एकामागोमाग बिघडत चालली होती. दाराची बेल बिघडली, म्हणजे ती मला ऐकू यायची, ह्यांना नाही. "मेली ती बेल," असं म्हणून ह्यांनी ती काढली आणि घंटेसारखी ढण्ण वाजणारी बसवली. एकदा मी भाजी आणायला जाताना सांगून गेले, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. परत आले तर जिन्यातच करपल्याचा वास. वरणाचा कोळसा. हे कुकरच्या समोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले! मी अशी काही भडकले म्हणता! तर हे शांतपणे म्हणाले, "कुकरची शिट्टी गेलीय. वाजलीच नाही." दुसऱ्या दिवशी कुकर टेबलावर घेऊन शिट्टी खोलून बसले. कपाळाला हात लावायचा नाहीतर काय? दुरुस्ती करणाऱ्या माणसाला खोट दिसते ती समोरच्या यंत्रातच. मलाही कळायला हवं होतं. मी शिकलेली बाई, पण मी आपली भांडत राहिले. भांडण्यात मी हुशार आहे.

यंदा फेब्रुवारीच्या अकराला आशूला एकोणचाळीस पूर्ण झाली असती. जानेवारीतच हे म्हणाले, "शुभा, या वाढदिवसाला तिचा आवाज नीट ऐकायचाच मला. एक शेवटचं चांगलं यंत्र घेतो. मग काही मागणार नाही."

असं म्हटल्यावर मी काय बोलणार? "चला," म्हटलं.

आदल्या दिवशी टॅक्सी करून ठाण्याला गेलो. नौपाड्यात एका गल्लीत दुकान होतं. दर्शना नावाची तिशीतली मुलगी ते चालवते. मला वाटलं होतं, आता हे तिची परीक्षा घेणार आणि ती कंटाळणार. पण पोरगी तयारीची निघाली. तिने पहिल्यांदा यंत्र दाखवलंच नाही. विचारलं, "काका, खोली केवढी? बसता कुठे? स्पीकर भिंतीला चिकटून आहेत का?"

"दहा बाय बारा. दिवाणावर. हो, चिकटून, जागा कुठाय?"

"मग वीतभर पुढे ओढा ते. भिंतीला चिकटले की नुसता घुमतो आवाज. आणि सिनेमावाला रिसीव्हर नका घेऊ, पाच स्पीकर लावायला तुमच्याकडे भिंती शिल्लक नाहीत. साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घ्या. एवढ्या हॉलला तीस वॉट म्हणजे पुष्कळ झाले."

हे खूश. "बघ, हिला कळतं," मला म्हणाले. "वॉटच्या मागे लागतात लोक. मला जोर नकोय पोरी, मला बारीक आवाज हवाय. लहान मुलीचा आवाज स्वच्छ यायला हवा."

तिने दोन यंत्रं जोडली. एक काळं, चपटं, पुढे फक्त एक बटण. दुसरं जुन्या धाटणीचं, मोठ्या बटणांचं, आणि पुढच्या बाजूला काचेआड दोन मीटर. गाणं सुरू झालं की त्यातले काटे नाचायचे. तिने एकच गाणं आळीपाळीने दोन्हींवर वाजवलं. मला विचाराल तर काही फरक नव्हता. पण हे काळं लागलं की मान हलवायचे, "नाही, दबतोय," आणि काट्यांवालं लागलं की पुढे सरकायचे. "हे बघ! हे कसं उघडलं!"

मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांची नजर त्या काट्यांवर होती. आवाज वर गेला की काटा वर, आणि काटा वर गेला की ह्यांची भुवई वर.

दर्शनाही बघत होती. ती सहज म्हणाली, "काका, आता डोळे मिटून ऐका. मी काहीतरी बदलते, तुम्ही सांगा काय बदललं." हे ऐटीत टेकून बसले, डोळे मिटले. तिने बारीक आवाजाचं, म्हणजे उंच पट्टीचं, ट्रेबलचं बटण धरलं आणि हळूहळू पार टोकाला नेलं. आई गं! स्टीलच्या ताटात कुणी खिळा ओढावा तसा आवाज व्हायला लागला. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. आणि हे आपले डोळे मिटून, मांडीवर ताल धरून, शांत.

"हं," मग म्हणाले. "फसवतेस होय? काहीच बदललं नाहीस तू."

दर्शनाने बटण परत जागेवर आणलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मला राग आला, तिचाच राग आला. म्हाताऱ्या माणसाची अशी परीक्षा घेतात? हे पैसे द्यायला गेले तेव्हा ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, काकांचे कान एकदा दाखवून घ्या ना."

"तू तुझं दुकान सांभाळ," मी म्हटलं. असंच म्हटलं. बिचारीचं तोंड एवढंसं झालं.

परत येताना शीळफाट्याला टॅक्सी तासभर अडकली. काट्यांवाल्या यंत्राचं खोकं हे मांडीवर घेऊन बसले होते, मागे ठेवायला तयारच नव्हते. इतके खुशीत मी ह्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. आशू लहानपणी सोल्डरिंगच्या वासाला कशी नाक मुरडायची ते सांगत होते. पुढे ड्रायव्हरचा मोबाइल टिंव टिंव वाजत होता, वाजतच होता. तो उचलेना. मला सहन होईना म्हणून मी ह्यांना म्हटलं, "सांगा हो त्याला, फोन उचल म्हणावं."

"कुठला फोन?" हे म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघायला लागले.  मी स्वतःला समजावलं, ट्रकांचा गोंगाट केवढा आहे, त्यात कुणाला काय ऐकू येणार. मला तर येत होतं.

दुसरा दिवस आशूचा. सकाळी मी शिरा केला, तिला आवडायचा. ह्यांनी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून यंत्र जोडलं. दर्शनाने सांगितलं तसे स्पीकर वीतभर पुढे ओढले, त्यासाठी माझा टीपॉय बाल्कनीत गेला. डेकचं हेड स्पिरिटने पुसलं. मग कपाटातून कॅसेट काढली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

"टेप लावतोय गं."

मी पदर खोचला, पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. पाय आपोआप चालतात अशा वेळी.

खालच्या मजल्यावर मालन दारात बसून मेथी निवडत होती. ती आमच्या घराच्या अगदी खाली राहते, साताऱ्याकडची, वीस वर्षांपासूनची शेजारीण. मला बघून म्हणाली, "वैनी, निघाला व्हय? आज अकरा तारीख न्हाई का. भाऊ आता पाढा लावत्याल."

मी थांबले. "तुला कसं माहीत?"

"आता गं बया! माहीत नसायला काय झालं? आज तर दरसाल लावत्यात, एरवी बी लावत्यात. आधी बारीक यायचं, आता हल्ली लई मोठ्यानं लावत्यात. आमच्या मोरीपत्तूर येतं. माझ्या नातवाला एकोनीसचा पाढा त्यावरच पाठ झाला, साळंत बाई म्हणली, कुणी शिकवला रं?" मग ती जरा घुटमळली. "म्या कदी बोलले न्हाई वैनी. लेकीचा आवाज हाय, कसं म्हनायचं बारीक करा म्हणून?"

मी पायरीवर बसले. "मालन, नीट सांग मला. नुसता आवाज येतो, की शब्द कळतात?"

"शब्द न् शब्द. घंटीवानी आवाज हाय पोरीचा. मदी हसती बी ती."

चार वर्षं. तीन यंत्रं आवाज गिळत होती, आणि खाली मोरीत मालनच्या नातवाचा पाढा पाठ होत होता. मला बेल आठवली, कुकर आठवला, ते दुकानातलं बटण आठवलं. मी उठले. पिशवी तिथेच पायरीवर राहिली. जिना चढताना गुडघ्यांनी कुरकुर केली ती ऐकायला मला वेळ नव्हता.

दार ढकललं. टेप अजून सुरू झाली नव्हती, हे काटे बघत वाकलेले होते. मला बघून दचकले.

"काय गं? काही विसरलीस?"

"नाही." मी दिवाणावर बसले. "लावा."

"तू बसणार?"

"लावा म्हणते ना!"

ह्यांनी बटण दाबलं. आधी खरखर. मग ह्यांचाच तरुण आवाज, "बोल गं काहीतरी." आणि मग माझी आशू म्हणाली, "काय बोलू?"

देवा रे. किती स्वच्छ होतं ते. जणू शोकेसपाशीच उभी होती. दात पडला होता तेव्हा तिचा, त्यामुळे 'स' म्हणताना वारा सुटायचा, तो वारासुद्धा येत होता. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. मध्येच नाक ओढलं तिने. सर्दी झाली होती का तेव्हा? मला आठवेना. एवढं कसं मी विसरले? मी तोंडात पदर कोंबला होता, तरी आवाज निघत होता माझा. सत्तावीस वर्षं ही पोरगी या खोलीत बोलत होती आणि मी स्टेशनवर जाऊन उभी राहत होते.

"एकोणीस आठे एकावन्नासे," ती म्हणाली.

"एकावन्न?" टेपमधले हे म्हणाले.

"बावन्न! बावन्न! बावन्नासे!" आणि ती हसली.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते हसले नव्हते. काटे पार उजवीकडे जाऊन आपटत होते आणि हे आवाज वाढवत होते, आणखी वाढवत होते, आणि तोंड उतरत चाललं होतं. "एकोणीस नवे," आशूने सुरुवात केली, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुणीतरी खेकसलं, "पुरे झालं ते! ताटं वाढलीत. उठा दोघंही!"

खट्. टेप संपली.

ती खेकसणारी मी होते.

हे खुर्चीत मागे टेकले. "गेला," म्हणाले. "हाही गेला, शुभा. नुसती घरघर. कालपर्यंत दुकानात किती छान वाजत होता. परत देऊन टाकतो उद्या." मग म्हणाले, "गंमत बघ. शेवटी तू ओरडतेस ना, ते येतं. तेवढं स्पष्ट येतं. तिचंच येत नाही."

 माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं ह्यांनी चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं असेल. ते माझ्याकडे वळले आणि विचारलं, "तू आज पहिल्यांदाच बसलीस. तुला तरी येतो का गं तिचा आवाज?"

खोटं बोलावं असं वाटलं. शपथेवर सांगते, ओठांवर आलं होतं, नाही येत म्हणून. यंत्रच वाईट म्हणून. मग पाचवा आला असता, सहावा आला असता. प्रत्येक वेळी हे असंच खोकं मांडीवर घेऊन खुशीत घरी आले असते, आणि प्रत्येक वेळी असंच तोंड झालं असतं. मी मेल्यावर ह्यांना कोण सांगणार होतं?

"येतो," मी म्हटलं. मग त्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं, "येतो. स्वच्छ येतो. शब्द न् शब्द. मालनच्या घरात पण येतो."

हे चिडतील असं वाटलं होतं. ते उठले, यंत्राजवळ गेले, मीटरच्या काचेवर बोट फिरवलं.

"म्हणजे यंत्र बरोबर आहे," म्हणाले.

"बरोबर आहे."

"आणि आधीचेही बरोबर होते."

"अहो..."

"तो पहिला माझ्या हातचा होता गं," हे म्हणाले. "भंगारात दिला मी." आणि मग खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. आशू गेली तेव्हाही मी ह्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. तेव्हा मीच इतकी रडत होते की ह्यांना जागाच उरली नव्हती.

पुढच्या आठवड्यात कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि एक कागद दिला. त्यावरची रेघ डावीकडे वर होती आणि उजवीकडे एकदम खाली गेली होती. कारखान्यातल्या मशिनी, आणि वय, असं म्हणाले. उंच पट्टीचे बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. कानाचं मशीन लावा, बोलणं समजायला मदत होईल. हे तो कागद बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "सगळं मोजून दिलंय त्याने. तपासणी चोख केली." कौतुकाने म्हणाले, मला तेच जास्त लागलं.

मशीन घेतलं. आता मोबाइलची टिंव टिंव ऐकू येते, कुकरची शिट्टीही, आणि माझं नेहमीचं बोलणं फार मोठं वाटतं म्हणतात. मशीन लावून एकदा टेप लावली. दोन ओळी ऐकून त्यांनी ते कानातून काढलं. "कुणीतरी पत्र्याच्या डब्यात बोलतंय. ही आशू नाही." दुसऱ्या दिवशी बघते तर बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते मशीन खोलायला बसलेले. मी हातातून काढून घेतलं आणि चांगली खरडपट्टी काढली.

दर्शनाला मी फोन केला. "तुझं बरोबर होतं, मी उगाच बोलले," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, यंत्र परत आणा, मी घेईन. मी म्हटलं, नको. राहू दे.

ते राहिलं. टीपॉय अजून बाल्कनीतच आहे.

आता दर रविवारी सकाळी चहा झाला की हे हाक मारतात, "टेप लावतोय गं." मी गॅस बंद करते आणि हॉलमध्ये येऊन ह्यांच्या शेजारी दिवाणावर बसते. मशीन ते काढून ठेवतात. आवाज बेताचाच ठेवतात, आता वाढवून उपयोग काय? हे काट्यांकडे बघतात आणि मी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन, आशूच्या मागोमाग बोलते. एकोणीस त्रिक सत्तावन्न. आता नाक ओढलं. एकोणीस चोक शहात्तर. आता थांबली, वर बघतेय वाटतं आठवायला. एकोणीस पाचे पंच्याण्णव. हे मान हलवतात. मला ते सोपं जात नाही. अजूनही दर रविवारी, ती "काय बोलू?" म्हणाली की मला पळून जावंसं वाटतं. पण मी गेले तर ह्यांना कोण सांगेल?

गेल्या रविवारी "ताटं वाढलीत, उठा दोघंही" झालं, खट् झालं, आणि हे नेहमीसारखे उठले नाहीत. काटे पडलेले होते तिकडे बघत म्हणाले, "नवे राहिलं तिचं. आणि दाहे. तू जरा थांबली असतीस तर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलून दाखवलं त्यांनी. मला काय वाटलं ते कसं सांगू?  वरण गार होईल म्हणून मी त्या दिवशी घाई केली होती. एका वरणासाठी.

"राहिलं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"जेवण झाल्यावर म्हणून दाखवला तिने मला. सगळा. मी भांडी घासत होते आणि ती ओट्यापाशी उभी होती. मीच म्हटलं होतं, अर्धवट सोडायचा नाही. तुम्ही इकडे डेक आवरत होतात."

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कपाटातून दुसरी कॅसेट काढून हातात दिली होती. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"कसा म्हणाली?" हे म्हणाले, आणि कान माझ्या तोंडाशी आणला.

मी पदराने डोळे पुसले, घसा खाकरला, आणि वर्गात म्हणायची तसा म्हणून दाखवला. एकोणीस नवे एकाहत्तरासे. एकोणीस दाहे नव्वदासे. मोठ्याने म्हटला. खाली मालनच्या मोरीपर्यंत गेला असेल.

"आला," हे म्हणाले. "पुन्हा म्हण."